सीआरपी नॉर्मल, तरी ॲडमिट का केलं? सिस्टिक फायब्रोसिसमधले रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी ११ वर्षांची आहे, सिस्टिक फायब्रोसिस आहे. गेल्या महिन्यात खोकला वाढला. सीआरपी फक्त ४ आला, तरी डॉक्टरांनी १४ दिवस शिरेतून अँटिबायोटिक देण्यासाठी ॲडमिट केलं. दिवाळीत मात्र सीआरपी ३८ होता, तेव्हा 'दोन दिवस थांबू' म्हणाले. फुप्फुसातली सूज रक्तात नेमकी कशात दिसते? दर महिन्याला कोणती टेस्ट करून घेऊ?"

ताई, दोन्ही निर्णय एकाच डॉक्टरांचे आणि तुम्हाला ते उलटसुलट वाटले, यात तुमचं काही चुकलं नाही. रिपोर्टवर आकडा ठळक करून शेजारी 'हाय' छापलेलं असलं की कुणालाही वाटेल, हाय म्हणजे आजार आणि नॉर्मल म्हणजे सुटका. पण सीएफच्या (म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसच्या) मुलांमध्ये सीआरपी, म्हणजे शरीरात सूज आली की रक्तात वाढणारं एक प्रथिन, हा फुप्फुसाचा आकडा नाहीच. तो यकृताचा आकडा आहे. मी आधी इंग्लंडमधल्या एका सीएफ केंद्रात आणि नंतर पुण्यात मिळून वीसेक वर्षं ही मुलं पाहते आहे, आणि ही एक गोष्ट नीट समजली की पालकांची निम्मी घालमेल थांबते असा अनुभव आहे. म्हणून जरा मुळापासून सांगते.

सीएफमध्ये जनुकातल्या दोषामुळे सीएफटीआर नावाचं प्रथिन बिघडलेलं असतं. त्यामुळे श्वासनळीच्या पेशींतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट नीट बाहेर येत नाही, आतला ओलावा आटतो, कफ चिकट होऊन बसून राहतो आणि त्यात जंतू मुक्काम ठोकतात. मग नळीच्या पेशी इंटरल्यूकिन-८ सारखी रसायनं सोडतात. तो निरोप मिळाला की रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी भिंत ओलांडून नळीच्या पोकळीत उतरतात. तिथे त्या लाखोंनी मरतात, फुटतात. त्यांच्यातून सांडणारं इलास्टेज हे विकर जंतूंना मारण्यासाठी असतं, पण इतकं साठल्यावर ते नळीची भिंतच खाऊ लागतं. फुटलेल्या पेशींचा डीएनए कफात मिसळून कफ आणखी चिवट होतो. डॉर्नेज अल्फा हे नेब्युलायझरमधून देण्याचं औषध, जे अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं, ते नेमका हाच डीएनए कापतं.

हे सगळं घडतं ते पोकळीत, हवेच्या बाजूला. रक्त भिंतीच्या पलीकडे आहे. ऑस्ट्रेलियात नवजात तपासणीत सीएफ सापडलेल्या बाळांच्या फुप्फुसात दुर्बिणीने थोडं पाणी सोडून ते परत ओढून तपासलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात असं दिसलं की तिसऱ्या महिन्यात त्या पाण्यात सक्रिय इलास्टेज सापडलं, तर त्या बाळाच्या श्वासनळ्या वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कायमच्या रुंदावण्याची शक्यता बरीच जास्त. यांतली कित्येक बाळं वरून छान होती, दूध पीत होती, हसत होती. सूज आत सुरू झाली होती.

गावाबाहेरच्या माळावर जत्रा भरली आहे आणि आपण एसटी स्टँडवर उभं राहून माणसं मोजतो आहोत, असं समजा. स्टँडवर गर्दी असेल तर जत्रा मोठी असेल, असा अंदाज बांधता येतो. पण जी माणसं आधीच माळावर पोचली ती आपल्या मोजणीत नाहीत, आणि स्टँडवरची गर्दी दुसऱ्याच कुठल्या लग्नाचीही असू शकते. सीबीसीमधला (रक्तपेशींच्या मोजणीतला) न्यूट्रोफिलचा काउंट हा असा स्टँडवरचा आकडा आहे.

सीआरपीची गोष्ट आणखी एक पायरी लांबची. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेला ते चिकटत होतं, म्हणून त्याचं नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. शरीरात कुठेही जोराची सूज आली की तिथून इंटरल्यूकिन-६ रक्तात येतं, ते यकृताला पोचतं आणि यकृत सीआरपी बनवू लागतं. सहा-आठ तासांत आकडा वर सरकायला लागतो, साधारण दोन दिवसांत शिखरावर जातो. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं. म्हणजे यकृताने बनवणं थांबवलं की आकडा रोज निम्म्याहून खाली यायला हवा. दिवाळीतला तुमचा ३८ बहुधा असाच असणार. साधी सर्दी, एखादा विषाणू, फुंकायच्या टेस्टमध्ये (स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या तपासणीत) फरक नाही, वजन आणि भूक ठीक. अशा वेळी दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहणं हा हलगर्जीपणा नसतो. आकडा स्वतःहून घसरतो आहे का, हेच तर पाहायचं असतं.

आता 'रक्तात इन्फेक्शन वाढलंय' या वाक्याबद्दल. आपल्याकडे सीआरपीचा रिपोर्ट पाहून दवाखान्यात हे वाक्य सर्रास बोललं जातं, आणि मला ते फार खटकतं. सीआरपी वाढणं म्हणजे रक्तात जंतू असणं नव्हे. रक्तात जंतू आहेत का हे फक्त ब्लड कल्चर सांगतं. सीएफच्या फुप्फुसातले जंतू, मग ते लहानपणीचे स्टॅफिलोकॉकस असोत की नंतरचे स्यूडोमोनास, क्वचितच रक्तात उतरतात. ते कफातच राहतात. म्हणून कफाचं कल्चर या मुलांसाठी रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोलाचं असतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. १३ वर्षांचा एक मुलगा होता. खोकला थोडा वाढलेला, आई म्हणत होती की खेळताना दमतो. सीआरपी ३. मी म्हटलं, आठवड्याने बघू. आठवड्याने ४. मी पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेला फुंकायची टेस्ट नीट करून घेतली, तर एफईव्ही-१, म्हणजे जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, ८२ टक्क्यांवरून ६८ वर आलेली. त्या दिवशीही सीआरपी ३ च होता. दोन आठवडे शिरेतून औषधं दिली, फिजिओ (कफ सुटवण्याचे व्यायाम) वाढवला, तरी तो ७४ च्या वर गेला नाही. गेलेले ते आठ टक्के परत आले नाहीत. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही. पण त्या दोन आठवड्यांत मी मुलाऐवजी रिपोर्टचं ऐकत होते, हे मला माहीत आहे.

असं का होतं, तर काही मुलांचं यकृत या जुनाट सुजेला फारसं उत्तर देतच नाही. वर्षानुवर्षं सूज नळीच्या आत कोंडलेली असते, रक्तात सांडत नाही. सीएफमुळे यकृतच बरंच खराब झालं असेल तर सीआरपी बनतोही कमी. काही मुलं कायम ॲझिथ्रोमायसिनवर असतात, आणि ते औषध मुळात सूज थोडी दाबतं, रक्तातले हे आकडेही उतरवतं. स्टेरॉइड चालू असेल तर सीआरपी दबतो आणि पांढऱ्या पेशींचा काउंट मात्र वाढलेला दिसतो, म्हणजे दोन्हीकडून दिशाभूल.

अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१० मध्ये दाखवलं गेलं की छाती बिघडून शिरेतून औषध घ्यावं लागलेल्या सीएफ रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांची फुंकण्याची ताकद पुढच्या तीन महिन्यांत पहिल्या पातळीच्या ९० टक्क्यांपर्यंतही परत येत नाही. म्हणून आम्ही घाई करतो. आणि आणखी एक गोष्ट पाहा. 'छाती बिघडली' कशाला म्हणायचं, याचे जे निकष डॉर्नेजच्या चाचणीपासून, १९९४ पासून, जगभर वापरले जातात त्यात बारा गोष्टी आहेत: कफ बदलणं, खोकला वाढणं, कफातून रक्त, दम, थकवा, ३८ अंश सेल्सिअसवर ताप, भूक किंवा वजन कमी होणं, सायनसचं दुखणं, नाकातून येणारा स्राव बदलणं, छाती तपासल्यावर फरक, फुंकण्याची ताकद १० टक्के किंवा जास्त घटणं, एक्स-रेत बदल. या बारांत रक्ताची एकही चाचणी नाही. तुमच्या मुलीला सीआरपी ४ असताना ॲडमिट केलं, ते यांतल्या कशावरून, हे डॉक्टरांना विचारा. मला वाटतं उत्तर फुंकायच्या टेस्टमध्ये किंवा वजनाच्या काट्यावर सापडेल.

मग सीआरपी करायचाच कशाला? कारण तो वाढतो तेव्हा काहीतरी सांगतो. फक्त काय सांगतो, ते शोधावं लागतं. १५ वर्षांची एक मुलगी सीआरपी ११२ घेऊन आली. सगळ्यांनी छातीचंच धरलं, कारण सीएफ म्हटलं की छाती. पण तिची फुंकायची टेस्ट नेहमीसारखीच होती. पोटात उजवीकडे थोडं दुखत होतं, ते 'सीएफचं नेहमीचं, घट्ट शी अडकल्यामुळे' म्हणून सोडून दिलेलं. सोनोग्राफीत अपेंडिक्सजवळ पू निघाला. सतत अँटिबायोटिक घेणाऱ्या या मुलांत अपेंडिक्स असा दबून राहतो, ताप-उलट्यांचा नेहमीचा गाजावाजा करत नाही. तसंच ज्यांच्या छातीत औषधासाठी पोर्ट बसवलेला आहे, त्यांचा सीआरपी अचानक चढला तर आधी पोर्टचा संशय घ्यायचा. पावसाळ्यात आपल्याकडे टायफॉइड आणि मलेरियाही आहेत. सीएफ असलेल्या मुलाला इतर आजार होत नाहीत असं थोडंच आहे.

एककाकडे लक्ष द्या, कारण इथे खरोखर गोंधळ होतात. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ३.८ प्रति डेसिलिटर म्हणजे ३८ प्रति लिटर. एका लॅबचा ३.८ आणि दुसरीचा ३८ शेजारी ठेवून 'दहापट वाढला' म्हणत रात्री दीड वाजता फोन केलेले पालक मला माहीत आहेत. शक्यतो एकच लॅब धरा.

ईएसआरवर थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या महाराष्ट्रात त्याने सीएफच्या मुलांचं बरंच नुकसान केलं आहे. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात ते. ते अवलंबून असतं रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनावर, इम्युनोग्लोब्युलिनवर (म्हणजे प्रतिपिंडांवर) आणि हिमोग्लोबिनवर. सीएफच्या मुलात जुनाट संसर्गामुळे आयजीजी हे प्रतिपिंड वाढलेलं असतं, हिमोग्लोबिन अनेकदा कमी असतं, म्हणजे ईएसआर वाढायला दोन कारणं कायमची घरातच बसलेली. छाती सुधारली तरी तो आठवडे-आठवडे खाली येत नाही. त्यामुळे उपचार लागू पडला का, हे ईएसआरवर कधी ठरवू नये.

आणि तरीही काय होतं? मूल वाळलेलं, महिनोन्महिने खोकतंय, एक्स-रेत डाग, ईएसआर ७०. निदान: टीबी. एकेटी (टीबीची औषधं) सुरू. सहा महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा एकेटी. माझ्याकडे येणाऱ्या सीएफच्या मुलांपैकी अनेकांनी टीबीची औषधं एकदा तरी घेतलेली असतात, कफात टीबीचा जंतू कधीही न सापडता. भारतीयांना सीएफ होत नाही, तो गोऱ्यांचा आजार, ही समजूत त्यामागे आहे. दिल्लीच्या एम्समध्ये बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं काम करून ती खोटी ठरवली, घामाची चाचणी स्वस्तात करण्याची देशी पद्धतही तिथे तयार झाली. हे वाचणाऱ्या इतर आई-वडिलांसाठी सांगते: वारंवार न्यूमोनिया, तेलकट दुर्गंधी शी, न वाढणारं वजन, मुका घेतल्यावर जिभेला खारट लागणारी कातडी, यातलं काही असेल तर ईएसआर पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा घामातलं क्लोराइड एकदा मोजून घ्या. लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर सीएफ असण्याची शक्यता दाट.

प्रोकॅल्सिटोनिन या जंतुसंसर्गाच्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. छाती बिघडलेली असतानाही सीएफमध्ये तो बहुतेकदा खालीच असतो.

एक रक्ततपासणी मात्र खरोखर उपचार बदलते, ती म्हणजे एकूण आयजीई, ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड. सीएफच्या चिकट कफात ॲस्परजिलस ही बुरशी राहते आणि काही मुलांना तिची ॲलर्जी होते. शिट्टीसारखा आवाज, तपकिरी गुठळ्यांचा कफ, अँटिबायोटिकने हलत नसलेली छाती असं चित्र असतं. आयजीई जुन्या निकषांत १०००, नव्या आंतरराष्ट्रीय निकषांत ५०० च्या वर, आणि सोबत ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीई वाढलेलं असेल, तर उपचार स्टेरॉइडचा आणि बुरशीच्या औषधाचा, अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स नव्हे. हे वर्षातून एकदा पाहावं. आयजीजीही वर्षातून एकदा बघायला हरकत नाही. तो वर्षांमागून वर्षं चढत असेल तर संसर्ग मूळ धरतोय असं समजायचं. डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या केंद्रात, स्यूडोमोनासविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून हे मोजण्याची परंपरा अनेक दशकांची आहे.

सुजेचा परिणाम दुसऱ्याच रिपोर्टवर होतो, तेही माहीत हवं. छाती बिघडलेली असताना अ जीवनसत्त्व मोजलं तर ते खोटं कमी दिसतं, कारण त्याला रक्तात वाहून नेणारं प्रथिन सुजेत घटतं. लगेच डोस दुप्पट करू नका, बरं वाटल्यावर पुन्हा मोजा. फेरिटिनचं उलटं: सुजेत ते वाढतं, त्यामुळे लोह खरोखर कमी असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसतो.

तुम्ही कुठेतरी कॅल्प्रोटेक्टिन, सीरम अमायलॉइड ए, इंटरल्यूकिन-६ ही नावं वाचली असतील. कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिलच्याच पोटातलं प्रथिन, म्हणून सीएफसाठी ते सीआरपीपेक्षा जवळचं, आणि संशोधनात त्यावर चांगलं काम झालं आहे. पण एका मुलीच्या एका रिपोर्टवरून आज अँटिबायोटिक द्यावं की नाही, इतकं स्पष्ट ते अजून सांगत नाही. विष्ठेतलं कॅल्प्रोटेक्टिन वेगळं, ते आतड्याचं. त्याचा छातीशी संबंध जोडू नका.

आणि सुजेचा आकडा खाली आणणं हेच ध्येय मानलं तर काय होतं, याचा इतिहास सीएफमध्ये आहे. एक दिवसाआड प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड देऊन पाहिलं गेलं. फुप्फुसाला थोडा फायदा झाला, पण मुलांची उंची खुंटली, मोतिबिंदू आले, साखर वाढली. जास्त डोसचं आयबुप्रोफेन चार वर्षं देऊन केलेली १९९५ ची चाचणी आशादायक होती, फुप्फुसांची घसरण मंदावली, विशेषतः १३ वर्षांखालच्या मुलांत. पण त्यात रक्तातली औषधाची पातळी मोजत राहावं लागतं, डोस कमी पडला तर उलटा परिणाम होण्याची भीती, त्यामुळे घरच्या घरी हा प्रयोग कुणीही करू नये. पुढे न्यूट्रोफिलना बोलावणारा ल्यूकोट्रायिनचा निरोपच अडवणारं एक औषध आलं. कागदावर सुंदर कल्पना. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची छाती जास्त वेळा बिघडू लागली. ज्या पेशी भिंत खातात त्याच जंतूंना आवरूनही धरतात. म्हणून कफ बाहेर काढणं, जंतू कमी करणं, पोषण आणि जमेल तिथे मूळ प्रथिन सुधारणारी औषधं हाच सूज कमी करण्याचा भरवशाचा मार्ग. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीने रक्तातली सूजही उतरते, पण आधीच रुंदावलेल्या नळ्यांतली सूज पूर्ण जात नाही. शिवाय ती कोणत्या जनुकदोषावर चालते ते बघावं लागतं, आणि आपल्याकडच्या मुलांत एफ५०८डेल हा दोष युरोपइतका सर्रास नाही. मुलीचा जनुकीय रिपोर्ट केला नसेल तर तो करून ठेवा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. दर महिन्याला रक्त काढू नका. या मुलांच्या शिरा पुढे आयुष्यभर लागणार आहेत. त्याऐवजी ती अगदी छान असेल, खोकला नेहमीइतकाच, भूक चांगली, अशा एका दिवशी सीआरपी आणि सीबीसी करून घ्या, त्याच दिवशीची फुंकायची टेस्ट आणि वजन शेजारी लिहा. तो तिचा स्वतःचा नॉर्मल. कुणाचा १ असतो, कुणाचा ९. ज्याचा नेहमी १ असतो त्याचा ८ झाला तर लॅब 'नॉर्मल' छापेल, पण मी कान टवकारीन. पुढे छाती बिघडून औषध सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी एक, आणि सुरुवातीचा आकडा वाढलेला असेल तरच मध्ये एक. सीआरपी उतरला पण फुंकायची टेस्ट वर आली नाही, तर 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून घरी जायला राजी होऊ नका. फिजिओ नीट होतोय का, कफात नवा जंतू आहे का, आयजीई किती, साखर वाढली आहे का, हे विचारा.

आणि कफातून चमचाभर जरी लाल रक्त आलं, एका बाजूला अचानक छातीत दुखून दम लागला, किंवा उन्हाळ्यात उलट्या होऊन ती मलूल पडली, तर लॅबमध्ये थांबायचं नाही. रिपोर्ट नंतर होतील, तिला घेऊन त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.